दुखत होता घसा, तपासलं पोट

आमचं सांगलीत मार्केट यार्डात अडत दुकान आहे, मुख्य हळद आणि थोडाफार बेदाणा. फेब्रुवारी ते मे हळदीचा सीझन. नवीन राजापुरी हळदीची आवक सुरू झाली की सौदे, आणि सौदे म्हणजे ओरडणं आलंच. ढिगाभोवती खरेदीदार उभे, मागं हमालांचा वेगळाच गोंधळ, शेतकरी कोपऱ्यात कान टवकारून उभा, अशात भाव सगळ्यांच्या कानावर गेला पाहिजे. वर धूळ. हळकुंडं मोडून बघतात, पोती ओततात, संध्याकाळी शर्ट झटकला तर पिवळं उडतं. त्यामुळं त्या वर्षी फेब्रुवारीत घसा खवखवायला लागला तेव्हा घरात कुणी दखलही घेतली नाही, आमच्या धंद्यात सीझनला घसा बसणं चालायचंच.

पण यावेळी बसलेला घसा उठायचं नावच घेईना. मे संपला, पाऊस सुरू झाला, आवक कमी झाली, ओरडायचं काम निम्म्यावर आलं, धूळ पण बसली, तरी घसा आपला तसाच. इथं मला पहिल्यांदा खटकलं की धूळ नाही तर मग हे आहे तरी काय.

त्रास कसा होता ते नीट सांगतो कारण पुढं सगळे डॉक्टर हेच विचारत होते. सकाळी उठल्या उठल्या सगळ्यात जास्त, आवाज घोगरा, खाकरून खाकरून बायको वैतागायची, आणि एवढं खाकरून निघायचं काय तर काहीच नाही, जरासं चिकट. दुपारपर्यंत बरं. रात्री जेवून आडवं झालं की कोरडा खोकला. ताप नाही, सर्दी नाही, गळ्याला गाठ नाही. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे भाकरीचा घास सरळ खाली जायचा पण नुसता आवंढा गिळला की मध्ये काहीतरी अडकल्यासारखं. घास जातो आणि थुंकी अडकते, हे मी कुणाला सांगितलं की लोक माझ्याकडं बघत बसायचे. नंतर कळलं की हे फार कॉमन आहे आणि डॉक्टर लोकांना उलट ऐकून बरं वाटतं, कारण खरोखर आत काही वाढलं असेल तर आधी घास अडकायला लागतो, थुंकी नाही.

सुरुवातीची औषधं सगळ्यांची असतात तीच. मेडिकलवाल्यानं तीन दिवसांची अ‍ॅझिथ्रोमायसिन दिली, मग फॅमिली डॉक्टरांनी दुसरं जरा भारी अँटिबायोटिक, सोबत अ‍ॅलर्जीची मॉन्टेल्युकास्टवाली गोळी आणि खोकल्याचं औषध. थोडं बरं वाटायचं, परत पहिले पाढे पंचावन्न. माझी धाकटी बहीण पुण्यात असते, बी फार्म झालीय, ती फोनवर ओरडलीच की अरे बहुतेक घसादुखी व्हायरसची असते, आठवड्याभरात आपली आपण जाते, आणि जी महिनोन्‌महिने राहते तिच्यात अँटिबायोटिक काय करणार, तू कशाला पोट खराब करून घेतोयस.

घरात आईचं वेगळंच चालू होतं. सांगलीत राहून, हळदीच्या धंद्यात असून हळद-दूध चुकणार होय. रात्री झोपताना पेलाभर गरम दूध, आणि ती हळद दुकानातली, २०१८ ला आपल्या सांगलीच्या हळदीला जीआय मानांकन मिळालंय हे पण ती पेला देताना सांगणार. सकाळी काढा, सुंठ मिरी तुळस ज्येष्ठमध. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं लिंबू-मधाचं कोमट पाणी उपाशी पोटी. आणि दिवसभर माझ्या तोंडात पेपरमिंटची गोळी. ही यादी नंतर एका डॉक्टरांना सांगितली तर ते हसायलाच लागले, म्हणाले झोपताना भरलं पोट, सकाळी आंबट आणि तिखट, दिवसभर पुदिना, घसा सोडून सगळ्यांची सोय केलीत तुम्ही. पुदिन्यानं अन्ननलिकेच्या खालची झडप सैल पडू शकते म्हणे. ज्येष्ठमधाबद्दल त्यांनी अजून एक सांगितलं की ते रोज जास्त घेतलं तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम कमी होतं, आणि आईला बीपी आहे आणि ती माझा काढा आधी स्वतः चाखून बघायची, रोज, चांगला वाटीभर. ते आधी बंद केलं.

खरी भीती वेगळीच होती. आमच्या यार्डात तंबाखू न खाणारा माणूस शोधावा लागतो. शेजारच्या गाळ्यातले एक काका असेच आवाज बसलाय बसलाय म्हणत वर्ष काढले आणि मग निदान झालं ते घशाच्या कॅन्सरचं, फार उशिरा. मी स्वतः तंबाखू कधी खाल्ली नाही पण रात्री अडीचला जाग आली की हे कोण ऐकतंय. बायकोला बोललो नव्हतो, तिनंच एकदा विचारलं, तुम्ही आरशात तोंड उघडून काय बघत असता. मग मिरजेला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं नेलंच तिनं. तिथं गेल्यावर कळलं की आवाज चार आठवड्यांत सुधारला नाही तर दुर्बीण घालून बघायचंच असतं, आणि तंबाखू-सिगरेटवाला असेल, गळ्याला गाठ असेल, रक्त पडत असेल, घास अडकत असेल, वजन उतरत असेल, एकाच बाजूचा कान दुखत असेल तर तेवढं पण थांबायचं नसतं. आम्ही चार आठवडे सोडा, उन्हाळा पावसाळा दोन्ही बघून गेलो होतो.

दुर्बीण म्हणजे मला वाटलं भूल वगैरे देतील. तसलं काही नाही. नाकात कडू औषधाचा स्प्रे मारला, ते घशात उतरलं की जीभ टाळू सगळं बधिर होतं आणि आपल्याला गिळताच येत नाही असं वाटून एक क्षण घाबरायला होतं. मग एक बारीक काळी लवचिक नळी नाकातून आत. दुखत नाही पण डोळ्यातून पाणी येतंच. समोर स्क्रीनवर माझंच स्वरयंत्र, दोन पांढऱ्या पट्ट्या, ई म्हणा म्हटलं की जवळ येतात, श्वास घ्या म्हटलं की उघडतात. आयुष्यभर ज्याच्या जिवावर सौदे केले ते एवढुसं असतं हे बघून गंमत वाटली. डॉक्टरांनी पट्ट्यांच्या मागचा भाग दाखवला, लाल आणि जरा सुजलेला. म्हणाले गाठबिठ काही नाही, पट्ट्या स्वच्छ आहेत, आणि ते वाक्य ऐकल्यावर पुढचं पाच मिनिटं ते काय बोलले ते मला खरंच आठवत नाही, बायकोनं ऐकलं.

पुढचं म्हणजे पोटातलं आम्ल वर घशापर्यंत येतंय, ह्याला एलपीआर म्हणतात, म्हणजे लॅरिंगोफॅरिंजियल रिफ्लक्स. मी लगेच म्हणलं डॉक्टर मला छातीत जळजळ होतच नाही, करपट ढेकर नाही, पित्ताचा त्रास बायकोला आहे मला नाही. ते म्हणाले निम्म्याहून जास्त लोक हेच सांगतात. अन्ननलिकेला आम्लाची थोडी सवय असते, वर आलेलं ती परत खाली ढकलते, थुंकीनं धुऊन टाकते. घशाच्या आणि स्वरयंत्राच्या अस्तराला ती सोय नाही, तिथं थोडं जरी पोचलं तरी झोंबतं. आणि नुसतं आम्लच नाही, पोटातलं पेप्सिन पण वर येतं, म्हणजे प्रोटीन पचवणारं ते रसायन. ते घशात चिकटून गप पडून राहतं आणि पुढच्या वेळी आम्ल आलं किंवा तुम्ही आंबट काही प्यायलात की परत कामाला लागतं, पचवायला तिथं दुसरं काही नसतं मग आपलाच घसा. लिंबू-मध पाणी आठवलं मला.

एक फॉर्म भरायला दिला, नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते पाच मार्क. आवाज बसणं, खाकरणं, कफ जाणवणं, गिळायला त्रास, जेवणानंतर किंवा आडवं झाल्यावर खोकला, गुदमरल्यासारखं होणं, त्रासदायक खोकला, घशात गोळा, आणि शेवटी जळजळ. एकूण ४५ मध्ये १३ च्या वर गेलं की रिफ्लक्सचा संशय. माझे २१ आले. शेवटच्या प्रश्नाला शून्य.

आम्ल कमी करणारी गोळी दिली, पॅन्टोप्राझोल ४०, दोन वेळा, जेवणाच्या अर्धा तास आधी. हे आधी महत्त्वाचं आहे बरं का, आमच्याकडं सगळे पित्ताची गोळी जेवून झाल्यावर किंवा त्रास झाल्यावर घेतात. पोटातले आम्ल तयार करणारे पंप जेवणाच्या वेळी चालू होतात आणि गोळी त्या चालू पंपांनाच बंद करते, म्हणून ती आधी रक्तात पोचलेली पाहिजे. मी मोबाईलला अलार्म लावून घेतली, एकही चुकवली नाही. आणि फरक? थोडा. खोकला कमी झाला, सकाळचं खाकरणं जसंच्या तसं.

बहिणीला सांगितलं तर तिनं एक रिसर्च शोधून वाचून दाखवला, ब्रिटनमधला, २०२१ ला ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला. माझ्यासारखेच घशाचा त्रास असलेले ३४६ पेशंट, निम्म्यांना माझ्या गोळीच्याच जातीची लॅन्सोप्राझोल ३०, दिवसातून दोनदा, आणि निम्म्यांना नुसती खोटी गोळी, १६ आठवडे, आणि तपासायला तोच माझा नऊ प्रश्नांचा फॉर्म. दोन्ही गटांना बरं वाटलं आणि सारखंच बरं वाटलं. खऱ्या गोळीचा खोट्या गोळीपेक्षा काही जास्त फायदा दिसला नाही. हे ऐकून मी जरा चिडलोच, म्हणलं मग माझं काय चाललंय इथं. ती म्हणाली याचा अर्थ रिफ्लक्स नसतोच असा नाही, पण घसा लाल दिसला की रिफ्लक्स आणि रिफ्लक्स म्हणजे गोळी एवढं सरळ ते नाही. लाल घसा धुळीनं पण दिसतो, ओरडण्यानं पण, सतत खाकरण्यानं पण, आणि ज्यांना काहीच त्रास नाही त्यांच्यात सुद्धा दिसतो. अमेरिकेतल्या पोटाच्या डॉक्टरांच्या संघटनेनं तर २०२२ ला सांगितलंय म्हणे की जळजळ नसेल आणि नुसता घसाच धरत असेल तर गोळ्या सुरू करण्याआधी रिफ्लक्स आहे का तेच तपासा.

मग मी माझ्या मनानंच गोळी बंद केली आणि चार दिवसांत ज्या माणसाला जन्मात जळजळ माहीत नव्हती त्याला जळजळ सुरू झाली. बायको म्हणाली बघा, होताच तुम्हाला आजार. पण हे पण गोळीचंच, पंप बरेच दिवस दाबून ठेवले की सोडल्यावर ते जोरात काम करतात. डेन्मार्कमध्ये २००९ ला हे धडधाकट, काही त्रास नसलेल्या लोकांवर करून बघितलंय, आठ आठवडे गोळी देऊन बंद केल्यावर ४४ टक्के लोकांना अ‍ॅसिडिटीचा त्रास झाला, खोट्या गोळीवाल्यांत १५ टक्के. म्हणून ही गोळी एकदम सोडायची नसते, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करतात. बायकोला हे पटायला वेळ लागला, तिला अजून पूर्ण पटलंय असं वाटत नाही.

पोटाच्या डॉक्टरांकडं गेलो. एंडोस्कोपी केली, अन्ननलिका स्वच्छ, जखम नाही, झडप थोडी ढिली. ते म्हणाले एंडोस्कोपी नॉर्मल आली म्हणून रिफ्लक्स नाही असं म्हणता येत नाही, खात्री करायची असेल तर २४ तासांची पीएच टेस्ट, म्हणजे आम्ल किती वर येतंय ते मोजणारी, ती करा, सोबत इम्पीडन्स असलेली, म्हणजे आम्ल नसलेलं पण काही वर आलं तर ते पण कळतं. ती आम्हाला पुण्यात मिळाली. परत सुरू केलेली गोळी आधी सात दिवस बंद ठेवायची होती, ते दिवस कसे काढले ते माझं मला माहिती.

ह्या टेस्टबद्दल मराठीत मला कुठंच काही नीट वाचायला मिळालं नव्हतं म्हणून जरा तपशिलात लिहितो. सहा तास उपाशी जायचं. आधी मॅनोमेट्री करतात, एक जाडसर नळी नाकातून थेट पोटापर्यंत, झडप नेमकी कुठं आहे आणि अन्ननलिका कसं ढकलते ते मोजायला. ही मात्र सोपी नाही हो. दुर्बिणीसारखी नाकात घातली काढली असं नाही, ती घशातून उतरताना उमासे येतात, नर्स बाई स्ट्रॉनं पाणी पाजत म्हणत राहतात गिळा, गिळा, अजून गिळा, आणि एका क्षणी ती खाली गेली की मग सहन होते. मग आडवं झोपवून थोडं थोडं पाणी तोंडात सोडतात, सांगितलं की एकदाच गिळायचं आणि मध्ये अजिबात गिळायचं नाही. आता अजिबात गिळू नका म्हटल्यावर माणसाला काय सुचणार, गिळायचंच. दोन-तीन वेळा परत करावं लागलं.

ती काढली आणि दुसरी बारीक नळी घातली, शेवईएवढी, तिचं टोक झडपेच्या पाच सेंटिमीटर वर. ती नाकातून बाहेर येऊन गालावर पट्टीनं चिकटवलेली, कानामागून शर्टात आणि कमरेला एक डबा. डब्यावर बटणं, जेवायला बसलो की एक, उठलो की एक, आडवा झालो की एक, आणि त्रास झाला की एक. सोबत कागदावर वेळ लिहायची. अंघोळ नाही. आणि सांगितलं काय तर नेहमीसारखं वागा, नेहमी खाता तेच खा, पथ्य करू नका नाहीतर टेस्टला अर्थ नाही.

नेहमीसारखं वागा म्हणे! नाकात नळी घालून. बहिणीचं घर सिंहगड रोडला, संध्याकाळी तिच्याबरोबर भाजी आणायला गेलो तर भाजीवाल्या मावशींनी कोथिंबिरीची जुडी फुकट दिली आणि हळूच बहिणीला विचारलं, लई दिवस झाले का हो आजारी आहेत. भाच्यानं डबा बघून विचारलं मामा हे चार्जिंगला लावायचं का. मी सांगलीहून भडंग नेलं होतं ते संध्याकाळी चहाबरोबर खाल्लं, लसूण-मिरचीचं, नेहमीसारखं म्हटलंय तर नेहमीसारखं. रात्री दहाला जेवण, कारण दुकान बंद करून हिशेब करून घरी माझं हेच टायमिंग असतं, पिठलं-भाकरी आणि ठेचा. प्रत्येक घासाला नळी हललेली कळते, दुखत नाही पण विसरायला पण होत नाही. साडेदहाला आडवा, बटण. लगेच खोकला, बटण. खाकरलो, बटण. रात्रभर कुशीवर वळायची भीती, डबा पोटाखाली येतोय का बघत. सकाळी उठल्यापासून दवाखान्यात जाईपर्यंत खाकरणं चालूच आणि प्रत्येक वेळी बटण, रिक्षावाला आरशात बघत होता. नळी काढायला दोन सेकंद. एवढं हलकं वाटलं की तिथंच समोर उभं राहून दोन चहा प्यायलो.

रिपोर्ट आला तो पण आमच्या हळदीच्या भावासारखा, ना धड तेजी ना मंदी. २४ तासांतला किती टक्के वेळ अन्ननलिकेत आम्ल होतं ते बघतात. ४ टक्क्यांच्या आत नॉर्मल, ६ च्या वर असेल तर रिफ्लक्स नक्की, माझं ४.८. किती वेळा काही वर आलं ते मोजतात, ४० च्या आत ठीक, ८० च्या वर जास्त, मी मध्ये. मी म्हणलं एवढं सगळं करून हेच का. पण डॉक्टरांनी ग्राफ समोर धरून दोन गोष्टी दाखवल्या आणि माझ्यासाठी सगळ्या टेस्टमध्ये ह्याच कामाच्या निघाल्या. एक म्हणजे वर येण्याचे प्रकार दिवसभर तुरळक, आणि रात्री जेवून आडवा झाल्यापासून पुढच्या दोन-अडीच तासांत गर्दी. दुसरं म्हणजे माझी बटणं. रात्रीच्या खोकल्याची बटणं त्या गर्दीशी जुळत होती. पण सकाळच्या खाकरण्याची बहुतेक बटणं कशाशीच जुळत नव्हती, आधी काहीही वर आलेलं नव्हतं, तरी मी खाकरत होतो.

म्हणजे खोकला पोटाचा होता आणि खाकरणं माझं स्वतःचं. गोळीनं खोकला कमी झाला आणि खाकरणं का नाही याचं उत्तर तिथं मिळालं.

त्यांनी स्पीच थेरपिस्टकडं पाठवलं. मला वाटायचं स्पीच थेरपी म्हणजे लहान मुलं बोबडी बोलतात त्यांच्यासाठी. त्या बाईंनी पहिल्यांदा मला नुसतं बोलू दिलं आणि मी बोलताना किती वेळा खाकरतो त्याच्या कागदावर रेघा मारल्या. कागद दाखवला तेव्हा मी गप झालो. खाकरताना स्वरयंत्राच्या पट्ट्या एकमेकींवर जोरात आपटतात, त्यानं सूज येते, सूज आली की काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, ते काढायला माणूस परत खाकरतो. सुरुवात धुळीनं झाली असेल, आम्लानं झाली असेल, पुढं ते आपलं आपण चालू राहतं. उपाय म्हणून खाकरावंसं वाटलं की घोटभर पाणी, पाणी नसेल तर हनुवटी खाली घेऊन जोर लावून आवंढा, नाहीतर तोंड मिटून हलकं हं. पहिले काही दिवस वेड लागायची पाळी, खाज सुटलीय आणि खाजवायचं नाही अशी अवस्था. मुलीला कामाला लावलं, मी खाकरलो की ती दहा रुपये घेणार. तिनं त्या पैशातून बॅडमिंटनचं रॅकेट घेतलं, चांगलं.

जेवणाचं मात्र घरात महाभारत झालं. झोपायच्या आधी तीन तास जेवण संपलं पाहिजे म्हणजे मला साडेसातला ताट पाहिजे, आणि साडेसातला मी दुकानात. शेवटी डबा दुकानातच येतो, हिशेब करत तिथंच जेवतो, घरी आलो की फक्त गप्पा. आईला हे अजिबात आवडलेलं नाही, घरचा माणूस घरात जेवत नाही म्हणजे काय. हळद-दुधाची वेळ बदलून चार वाजता केली तेव्हा कुठं तिचा राग उतरला. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे घातले, सहा-आठ इंच उंची पाहिजे, दोन उशा घेऊन चालत नाही कारण त्यानं मान वाकते आणि पोट उलट दाबलं जातं. बायको पहिल्या रात्री घसरून पायथ्याला गेली म्हणते, अतिशयोक्ती आहे. डाव्या कुशीवर झोपायचं, जठराचा आकार असा आहे की डाव्या कुशीवर त्यातलं आम्ल झडपेच्या खाली राहतं. आणि उशीर झालाच तर जेवणानंतर अल्जिनेटचं पातळ औषध, गॅव्हिस्कॉन मिळतं ते, समुद्री शेवाळापासून करतात, पोटात गेलं की दुधावर साय धरावी तसा वर थर धरतं आणि आम्ल खाली ठेवतं. गोळी हळूहळू कमी करत बंद झाली, डॉक्टरांच्या सांगण्यानं.

सौद्याला मास्क लावतो आणि शाळेतल्या बाई वापरतात तसला कमरेचा छोटा स्पीकर घेतलाय. पहिल्या दिवशी हमालांनी टाळ्या वाजवल्या, एकजण म्हणाला मालक आता कीर्तन लावा. खरेदीदार म्हणतात आवाजात पूर्वीची मजा नाही, पण भाव नीट ऐकू येतो हे पण तेच म्हणतात.

आता कुणी विचारलं की नेमकं कशानं बरं झालं तर मला सांगता येणार नाही, कारण हे सगळं थोडं मागंपुढं करून एकत्रच चालू केलं. मला आपलं वाटतं खाकरणं सोडणं आणि रात्रीचं जेवण ह्या दोन्हीत जास्त वाटा असावा. पूर्ण बरं झालंय असंही नाही, मधल्या सीझनला परत आठ-दहा दिवस घसा धरला होता, पण पाणी पीत राहिलो आणि तो सुटला. फॉर्म परत भरला तेव्हा ९ आले. यार्डात कुणाचा घसा धरला की माझ्याकडं येतात, त्या गोळीचं नाव सांगा म्हणतात, आणि मी दुर्बीण, टेस्ट, नऊ प्रश्न असं सुरू केलं की निम्मे निघून जातात. तंबाखूवाल्यांना मात्र मी सोडत नाही, दोघांना तर स्वतः गाडीवर घालून मिरजेला नेऊन घसा बघून आणलाय, दोघांचंही साधंच निघालं. त्यातला एक अजून माझ्यावर चिडून आहे, नाकात नळी घातली म्हणून.

पुढच्या महिन्यात इचलकरंजीला चुलतभावाच्या मुलाचं लग्न आहे. आदल्या रात्रीचं जेवण साडेदहाच्या आत मिळत नाही हे त्या घराचं आत्तापर्यंतचं रेकॉर्ड आहे आणि तांबडा-पांढरा असणार हे पण माहिती आहे, सोडणार तर नाही. बॅगेत अल्जिनेटची बाटली टाकलीय आणि झोपायला खुर्ची मिळेल का हे त्याला आत्ताच फोन करून विचारलंय.